फिरायला नेलेलं कुत्रं अर्ध्या वाटेत का बसतं?

तक्रार साधारण एकाच चालीची असते. पट्टा दिसला की कुत्रं दारात नाचतं, जिन्यावरून आपल्यालाच ओढत खाली नेतं आणि अर्धा किलोमीटर गेलं की बूड टेकून बसतं. हाक मारा, चुचकारा, बिस्कीट दाखवा, ढिम्म. रविवारी घरचे सगळे डबे घेऊन जळगावच्या मेहरूण तलावावर किंवा धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी आलेले असतात आणि तीस किलोचं लॅब्राडोर रस्त्याच्या मधोमध पसरलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतंच, "लाडावून ठेवलंय भो, ओढ त्याला." ओढलं की ते उठतं, दहा पावलं चालतं आणि पुन्हा बसतं. पुढच्या रविवारी हाच खेळ.

हट्टी कुत्री असतात, नाही असं नाही. पण वारंवार बसणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हट्ट हे कारण सगळ्यात शेवटी धरायचं. त्याआधी तपासायला आपल्या खान्देशात ऊन आहे, तापलेली जमीन आहे, काटे आहेत, गोचीड आहेत. आपण सहल ठरवतो ती आपल्या सोयीने: सुट्टीचा दिवस, आंघोळ-नाश्ता उरकून, दहा-साडेदहाच्या सुमारास. बहुतेक घरांत वेळ आणि वाट बदलली की निम्मी तक्रार तिथेच मिटते. उरलेली निम्मी कुठे दडलेली असते ते शोधायला थोडी चौकस नजर लागते.

म्हणून कुत्रं बसलं की ओढू नका, बघा. डांबरावर बसलं की सावली गाठून बसलं? जाताना बसलं की परतताना? तोंड कुणीकडे करून बसलंय? तुम्ही घराच्या दिशेने वळलात तर उठतं का? पाय चाटतंय का, आणि नेहमी तोच पाय का? जीभ किती बाहेर आहे? मोबाइलवर छोटासा व्हिडिओ काढून ठेवा. तो पुढे डॉक्टरांना दाखवता येतो. घरी लंगडणारं कुत्रं दवाखान्यात शिरलं की घाबरून चारी पायांवर ताठ उभं राहतं, हे जनावरांच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

जीभ बाहेर, धाप, सावलीकडे ओढ

हे ऊन. फेब्रुवारी संपल्यापासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत दुसरं काही शोधण्याआधी हेच धरून चालायचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळी उष्णता ते धापा टाकूनच बाहेर काढतं. हवाच अंगापेक्षा गरम असेल तर धापा टाकूनही फारसं हाती लागत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ सेल्सिअसच्या पुढे, म्हणजे ११३ फॅरनहाइटच्या वर जातो. हिशोब तुम्हीच करा.

पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकणंच जड जातं. हस्की आणि सेंट बर्नार्ड तापीकाठी का पाळतात हे मला कधीच कळलेलं नाही. पण पाळलं असेल तर उन्हाळ्यात वस्तऱ्याने भादरू मात्र नका. दुहेरी केसांचा तो थर ऊनही अडवतो. नीट विंचरून आतले मेलेले केस काढले की वारा कातडीपर्यंत पोचतो.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: "संध्याकाळी नेतो ना, ऊन उतरल्यावर." ऊन उतरतं, पण रस्ता तापलेलाच राहतो. डांबर, सिमेंटचा रस्ता आणि लळिंग किंवा सोनगीरच्या चढावरचा काळा दगड दिवसभर उष्णता पितात आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात. आपल्या पायांत चप्पल असते आणि आपलं नाक जमिनीपासून पाच फुटांवर. कुत्र्याचं पोट जमिनीपासून वीतभर वर. निघण्याआधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा आणि सात आकडे मोजा. तेवढा वेळ हात ठेववत नसेल तर कुत्र्याला तिथून चालवायचं नाही. एप्रिल-मेमध्ये ही परीक्षा पास होते ती पहाटे, पाचच्या आसपास, रात्रभर जमीन निवल्यावर. संध्याकाळी न्यायचंच असेल तर लघवीपुरतं, मातीच्या कडेने.

बसलेलं कुत्रं जोरजोरात धापा टाकत असेल, लाळ घट्ट तारेसारखी लोंबत असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, चालताना झोकांड्या जात असतील किंवा उलटी झाली असेल, तर सहल तिथेच संपली. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता. पोट, काखा, जांघा भिजू द्या आणि वारा घाला. गाडीतलं बाटलीतलं पाणी चालतं, बर्फाची वाट बघत बसू नका. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवला तर थोड्या वेळाने तोच उष्णता कोंडून धरतो, म्हणून ओतत राहणं बरं. पाणी पीत असेल तर थोडं थोडं प्यायला द्या, जबरदस्तीने तोंडात ओतू नका. आणि अंग निवल्यासारखं वाटलं तरी दवाखाना गाठाच. १०६ च्या आसपास गेलेल्या तापाने मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडू शकते, आणि ते कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतं.

पाय उचलून धरतं, चाटतं, मग बसतं

आता पायांकडे. खान्देशात पायांचं दुखणं ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे कोणत्या महिन्यात बसायला लागलं यावरून निम्मा अंदाज येतो.

पावसाळ्यात पहिला संशय काळ्या मातीवर. कपाशीच्या बांधावरून नेलं की ओली माती पंजाच्या बोटांमधल्या केसांत अडकते, चालता चालता तिचे गोळे होतात आणि वाळले की खडे झालेले असतात. बुटात खडा घेऊन आपण किती चालू? कुत्रं बसतं आणि दातांनी माती ओरबाडत राहतं. उपाय सोपा आहे. बोटांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीने बारीक ठेवायचे, पाऊस असेल तेव्हा काळ्या रानाऐवजी मुरमाची वाट धरायची आणि घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. ओल राहिली तर तिथे लाल होतं, वास येतो, मग खाज आणि पुन्हा चाटणं.

पाऊस सरता सरता गवत पिकतं आणि कुसळं सुरू होतात. माझ्या मते खान्देशातल्या कुत्र्यांचा हा सगळ्यात कमी ओळखला गेलेला शत्रू आहे. लळिंगच्या कुरणासारख्या गवताळ रानात, रेल्वेलाइनच्या कडेला, पडीक प्लॉटवर, सगळीकडे असतो. कुसळाला टोक असतं आणि मागे उलटे केस असतात, त्यामुळे ते एकदा घुसलं की पुढेच सरकतं, आपोआप मागे येत नाही. बोटांच्या बेचकीतून कातडीत शिरतं, कानात जातं, नाकात जातं. फिरून आल्यावर कुत्रं अचानक मान झटकू लागलं, एक कान खाली पाडून बसलं, किंवा एकामागून एक शिंका देऊ लागलं, तर कानात तेल ओतू नका. कुसळ आत ढकललं जाण्याआधी डॉक्टरांकडे न्या. बोटांमध्ये फोड येऊन फुटतो, बरा होतो, पुन्हा येतो, असं चक्र चाललं असेल तर आत कुसळ राहिल्याची दाट शक्यता असते. दिवाळीच्या आगेमागे महिना-दोन महिने उंच पिकलेल्या गवतात शिरायचंच नाही, हा माझ्याकडे तरी पक्का नियम आहे.

हिवाळ्यात आणि पुढे सराटे. जमिनीवर पसरणारा हा वेल सुकला की त्याची काटेरी फळं वाटेवर पडून राहतात. सायकलवाल्यांना ती चांगली ठाऊक आहेत. जोडीला नदी-नाल्याकाठची वेडी बाभूळ आणि जळगावकडच्या बोरी. मेहरूणची बोरं गोड, पण झाडाखाली काट्यांचा सडा असतो. कुत्रं बसल्या बसल्या चारही पंजे उलटून बघायची सवय लावा. घरी, सोफ्यावर, रोज, काहीच लागलेलं नसताना. म्हणजे रानात काटा काढताना ते हात झिडकारत नाही. खिशात चिमटा असू द्या.

नखं वाढलेली असतील तर सपाट रस्त्यावर टकटक आवाज येतो. तो येत असेल तर आधी नखं कापा, मग सहलीचं बोला.

थंड सकाळ, साफ पाय, तरी बसतं

इथे मी थेट रक्त तपासायला सांगेन. गोचीड आपल्याकडे बारा महिने असते, पावसाळ्यानंतर जास्त. ती भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, दाराच्या चौकटीत राहते, म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावून भागत नाही, घरही बघावं लागतं. गोचिडीतून एर्लिकिया, बबेसिया असे आजार होतात. ताप येतो-जातो, भूक मंदावते, कुत्रं "जरा सुस्त" वाटतं, थोडं चाललं की बसतं. हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. हे आजार वेळेत कळले तर औषधाने बरे होतात. उशीर झाला की प्लेटलेट खूप खाली गेलेल्या असतात. गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढायची. रॉकेल टाकणं, काडीने चटका देणं हे प्रकार सोडून द्या.

वजनदार जर्मन शेफर्ड किंवा लॅब्राडोर उठताना मागून डोलत असेल, जिना चढायला कुरकुरत असेल, तर खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. आणि हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घातल्यापासून बसायला लागलं असेल तर काखेत हात घालून बघा. कातडी सोललेली सापडेल.

ठरावीक खांबापाशीच बसतं

भीती. त्या वळणापलीकडे गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द असेल, पिठाची गिरणी असेल, मागच्या दिवाळीत तिथे सुतळी बॉम्ब फुटला असेल. कुत्र्याला हे सगळं लक्षात राहतं. ओढत पुढे नेलं तर त्याची भीती खरी ठरते. दोन-चार आठवडे वाट बदला, मग हळूहळू त्या जागेच्या अलीकडे थांबून उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या आणि परत फिरा. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर टोचलेली असावी, हे गल्लीतल्या कुत्र्यांमुळे आणखी गरजेचं. पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्या नसतील तर त्याला तलाव, बाग, बाजार इथल्या जमिनीवर सोडूच नका. पार्वो या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो.

परतताना, घर जवळ आल्यावर बसतं

हा एकटा प्रकार हट्टाच्या जवळ जाणारा आहे, आणि मला तो सगळ्यात लोभस वाटतो. कुत्रं घराकडे पाठ करून बसतं. त्याचं म्हणणं स्वच्छ आहे: इतक्यात नाही. ते थकलेलं नसतं, त्याचं मन भरलेलं नसतं. आणि याचं कारण बहुधा आपल्या फिरवण्यात असतं. हातात मोबाइल, आखूड पट्टा, "चल चल चल", कुठे नाक लावलं की हिसका. किलोमीटर मोजले जातात, पण कुत्र्याला ज्यासाठी बाहेर यायचं होतं तेच राहून जातं. नाकाने वास घेणं हेच त्याचं पेपर वाचणं आहे.

यावर मी सुचवतो तो उपाय बाजारात मिळतो. बैलबाजारात किंवा पोळ्याच्या आधी दोर विकणाऱ्याकडून पंधरा-वीस फुटांचा हलका सुती कासरा घ्या आणि त्याला मजबूत हुक लावून घ्या. नायलॉनचा नको, हिसका बसला तर हात सोलतो. कासरा गळपट्ट्याला न लावता हार्नेसलाच लावायचा, नाहीतर धावत सुटलेल्या कुत्र्याच्या मानेला झटका बसतो. मोकळ्या मैदानात किंवा ओळखीच्या शेतात कुत्र्याला पुढे जाऊ द्या आणि आपण मागून चाला. एकाच दगडापाशी पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या. अशा वीस मिनिटांनी कुत्रं जेवढं निवांत होतं, तेवढं तासभर पळवूनही होत नाही.

उन्हाळ्यात बाहेर जाताच येत नाही, तेव्हा हाच उद्योग घरात आणायचा. जुनं गोणपाट घड्या घालून गुंडाळा आणि घड्यांमध्ये ज्वारीच्या भाकरीचे तुकडे लपवा. सकाळचं जेवण ताटलीत न देता असंच द्या. घट्ट दह्यात थोडं केळं कुस्करून वाटीत गोठवा, दुपारी कूलरसमोर चाटत बसेल. (कूलरची वायर मात्र दातांपासून लांब.) अंगणात सावलीत वाळूचा ढीग असेल तर ती ओली करून त्यात खाऊ पुरा आणि उकरू द्या. बिया काढलेल्या टरबुजाच्या फोडी चालतात. मनुका आणि द्राक्षं मात्र कुत्र्याला अजिबात द्यायची नाहीत, मूत्रपिंडावर जातात.

मग सहल कुठे आणि कशी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा मोसम, आणि या मोसमात खान्देशात सहल म्हणजे शेतातली भरीत पार्टी. कुत्र्याला न्यायला यापेक्षा चांगली जागा नाही: ओळखीचं रान, विहिरीचं पाणी, सावली, माणसं. पण भरीत कुत्र्याला नाही. त्यात कांद्याची पात, लसूण आणि मिरची असते, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवल्याने तो दोष जात नाही. परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, अशक्तपणा आणि गडद लालसर लघवी, तोवर पार्टी सगळे विसरलेले असतात. त्याचा डबा वेगळा न्या. मटणाची शिजलेली हाडंही नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात. आणि पार्टीतल्या पोरांना आधीच सांगून ठेवा, कारण पानाखालून घास सरकवणारं एक तरी असतंच.

शेतमालकाला दोन गोष्टी विचारल्याशिवाय कुत्रं सोडू नका. फवारणी कधी झाली, आणि रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडलाय का. कपाशीवर नुकतं औषध मारलेलं असेल तर त्या बाजूला जायचंच नाही, आणि पंपाजवळच्या ड्रममधलं पाणी पिऊ द्यायचं नाही. लाळ गळणं, अंग थरथरणं, बाहुल्या टाचणीएवढ्या होणं ही विषबाधेची लक्षणं. औषधाचा डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो घेऊन दवाखान्यात पळायचं. केळीच्या बागेत गारवा असतो म्हणून कुत्र्याला ती आवडते, आणि त्याच गारव्याला साप येतात. तिथे कासरा आखूड धरा. सापाने चावा घेतला तर आवळून बांधू नका, कापू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि वाटेतूनच फोन करून प्रतिसर्पविष कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारा. सहलीला निघण्याआधीच ही चौकशी करून ठेवली तर आणखी बरं.

हतनूर धरणावर हिवाळ्यात बाहेरचे पक्षी उतरतात, तिथे काठावर कुत्रं मोकळं सोडणं म्हणजे त्यांना उठवून लावणं. यावल, अनेर आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत. पाटणादेवीला जायचं तर वाट गौताळ्याच्या जंगलातून जाते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालच्या या जागा आहेत, तिथे कुत्र्याला घेऊन जाऊ नका. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा साथीचा आजार रानातल्या प्राण्यांना होतो, आणि उलट बाजूने बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रात्री कुत्री आत का बांधतात ते याचसाठी.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून उंच, त्यामुळे शहाद्याहून घाट चढला की हवा बदलते आणि सपाटीवर बसणारं कुत्रं तिथे यशवंत तलावाच्या कडेने आनंदाने चालतं. अडचण घाटाची. वळणांनी कुत्र्याला मळमळतं, गाडीतून उतरल्या उतरल्या ते बसतं आणि आपल्याला वाटतं, इथेही तेच! निघण्याआधी चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या, काच थोडी उघडी ठेवा, घाट चढताना एक-दोनदा थांबून सावलीत पाय मोकळे करू द्या. वर पोचल्यावर अर्धा तास काहीच करायचं नाही, नुसतं उतरून वास घेऊ द्यायचा. मुक्कामाच्या जागी कुत्रं चालतं का, हे निघायच्या आधी फोनवर विचारा. "बघू, गाडीत ठेवू" हा पर्याय धरूच नका. बंद गाडी सावलीतही काही मिनिटांत तापते.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर व्हिडिओ आणि तुमच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हृदय, सांधे व रक्त या तिन्हींची तपासणी मागा. आठ वर्षांच्या पुढचं कुत्रं असेल तर दोन आठवडेही थांबू नका.